छत्तीस किलोची कमान

आवाज तसा मोठा नव्हता. नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या फरशीपुलावरून, गाडी खाली उतरली, मागचं डावं चाक नेहमीच्या खड्ड्यात आपटलं आणि डोमाजीच्या पाठीमागं गादीवर झोपलेल्या सत्यशीलाच्या तोंडून एक हुंकार निघाला. झोपेतल्या लेकराला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं की ते करतं, तसा. ती ओरडली असती तर त्यानं ब्रेक मारला असता, खाली उतरला असता, काय झालं म्हणून विचारलं असतं, नवऱ्यानं जे जे करायचं असतं ते सगळं केलं असतं. पण एवढ्याशा आवाजासाठी कोण गाडी थांबवतो. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या अकरा किलोमीटरपैकी सात अजून बाकी होते, आणि नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात बारा वाजता शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, नंबर होता. उशीर झाला की तिथला माणूस फाईल खाली सरकवून ठेवायचा. डोमाजीनं गियर टाकला. त्या दिवशी शेक झालाच नाही. आधी पाठीचा फोटो काढला, आणि तो उजेडासमोर धरून त्याच्या पोरीपेक्षा, ममतापेक्षा लहान दिसणारा डॉक्टर म्हणाला, हा मणका नवीन दबलाय, मावशी, कुठं पडलात का? सत्यशीला भिंतीकडं पाहत होती. डोमाजीच्या डाव्या हातात फाईल होती, उजव्या हातात गाडीची चावी. त्याचं तोंड उघडलंही होतं. त्याच्या आधी ती बोलली. हो, म्हणाली, मोरीत पाय घसरला. डॉक्टरनं डोमाजीकडं पाहिलं, आणि डोमाजी म्हणाला, "हो जी. मोरी लय गुळगुळीत हाये आमची." त्यांच्या घरी मोरी नव्हती. मागच्या अंगणात तुराट्यांचा आडोसा होता आणि अंघोळीला दगडाची एक खडबडीत फाडी.

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हापासून ते एक वाक्य डोमाजीच्या मनातून जात नव्हतं. खोटं तर तिनं सांगितलं होतं, पण त्या खोट्याला गुळगुळीत त्यानं केलं होतं. दवाखान्यानं पट्टा दिला, गोळ्या दिल्या, तीन आठवडे पडून राहा म्हणाले, आणि पुढच्या दहा शेकांसाठी सोमवारची तारीख लिहून दिली. येताना त्यानं ते अकरा किलोमीटर दोन तासांत काढले. एकेका खड्ड्यापाशी थांबत, चाक हळू सोडत. मागून काही आवाज आला नाही. घरी उतरवल्यावर ती म्हणाली, मी नाही बसत आता त्या गाडीत. रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी म्हणाली. पुण्याहून ममताचा रोज फोन यायचा, बाबा, ॲम्ब्युलन्स बोलवा ना. पोरगी आठ वर्षांत विसरली होती की ॲम्ब्युलन्स डांबरापर्यंत येते आणि तिथं उभी राहून हॉर्न देते. रस्ता कागदावर दोनदा झाला होता. पाटी उभी आहे अजून, लांबी, रुंदी, योजनेचं नाव, खर्चाचा आकडा मात्र कुणीतरी दगडानं खरवडून काढलेला. पाटीच्या खांबाला शेळ्या बांधतात. ज्यानं तो रस्ता खाल्ला तोच माणूस तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या स्टेजवर आला होता आणि त्यानं डोमाजीला शाल पांघरली होती, नारळ दिला होता, माइकवर म्हणाला होता की डोमाजीभाऊंसारखी माणसं आहेत म्हणून आमच्या दुर्गम भागातल्या बाया सुखरूप बाळंत होतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजीनंही हात जोडले. त्याची छाती तेव्हा फुगली होती, हे आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे. रस्ता खाणारा आणि त्या रस्त्यावर बायांना आपटत नेणारा, दोघं एका स्टेजवर, एका शालीची दोन टोकं धरून. खाटेवर घालून चौघं नेऊ तुले, असंही त्यानं सत्यशीलाला म्हणून पाहिलं. पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची, माणसं पावसाळ्यात आजाऱ्याला तसंच आणतात. ती म्हणाली, "जित्तेपनी चौघाच्या खांद्यावर नाही जात मी. थे एकदाच जातो."

मग शनिवारी सकाळी त्यानं गाडी काढली आणि पांढरकवड्याला, हायवेच्या कडेला पूनमसिंगच्या कमानीच्या, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, दुकानासमोर आणून उभी केली. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रे, भाता, ऐरण आणि पाच ट्रकांच्या उलट्या टांगलेल्या कमानी. हैद्राबादकडं जाणारा प्रत्येक ट्रक गेला की पत्रे थरथरायचे. पूनमसिंग राठोड गाडीखाली पाठीवर सरकत गेला, आणि खालूनच त्याचा आवाज आला. "डोमाजीभाऊ, हे कमान हाये का रेल्वेचा पूल?"

"काहून, काय झालं?"

"सात पट्टे पाह्यजे. नऊ हायेत. वरतचे सात गाडीचे, खालतचे दोन ट्रकचे. कोन्या उस्तादानं घातले?"

ऐरणीपाशी पूनमसिंगची बायको भुरीबाई घण पायाशी टेकवून उभी होती. चाळीशीची, काटक, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घण मारताना त्या बांगड्यांचा एक वेगळाच ठेका लागायचा. "सांग ना भिया," भावाला बंजारी बोलीत हाक मारावी तशी ती म्हणाली, "नाव सांगतलं तर आमी त्याले जेवाले बोलावू. त्याच्यानं आमचं दुकान चालते."

"मीच घातले," डोमाजी म्हणाला.

बारा वर्षं झाली असतील. वनखात्याच्या लिलावात घेतलेली ही जुनी चारी-चाकं-ओढणारी गाडी, मागं उघडा हौदा, वर ताडपत्री. नाल्यातून, रेतीतून, जिथं बैलबंडी फसते तिथून ती निघायची. मग कापसाच्या दिवसांत लोक तिच्या मागं लागले, पल्याडच्या वावरातला कापूस बाहेर काढून दे म्हणून. आठ क्विंटल भरलं की मागून गाडी कुत्र्यासारखी बसायची. तेव्हा त्यानं आदिलाबादच्या भंगारातून ट्रकचे पट्टे आणले, दोन इकडं, दोन तिकडं, स्वतःच्या हातानं यू-बोल्ट आवळले. त्या दिवशी अकरा क्विंटल घेऊन तो जिनिंगला गेला आणि गाडी एक बोटभर झुकली नाही. काट्यावरची माणसं वाकून वाकून खाली पाहत होती. डोमाजीची गाडी झुकत नाही, हे बोलणं घाटंजीपर्यंत गेलं. आयुष्यात त्याच्याबद्दल लोकांनी एवढं अभिमानानं दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्याच रात्री परत येताना हौदा रिकामा होता, मागं एकटी सत्यशीला होती, किराण्याची थैली मांडीवर घेऊन. घरी उतरल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, लय आपटते हो आता. तो पाय धूत होता. तो म्हणाला, "गाडीत बसाची सवय पाह्यजे." तिनं सवय केली. नंतर ती कधी काही बोलली नाही. आरशात त्याला दिसायची, खड्डा आला की दोन्ही हात बाकड्यावर टेकवून अंग वर उचलून धरायची, जशी एखादी बाई विहिरीच्या काठावर वाकते तशी. त्याला वाटायचं, ही तिची बसायची पद्धत आहे. कुणाची पद्धत कशी, कुणाची कशी.

पूनमसिंगनं मागचा भाग जॅकवर उचलला, लाकडी ठोकळे लावले. यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते गॅसनं लाल करून तोडावे लागले. पट्टे सुटले तेव्हा त्यांच्यामधून गंजाचे पापुद्रे पडले, मूठ मूठ. एकेक पट्टा तो जमिनीवर मांडत गेला, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि सगळ्यात मोठा, मुख्य पट्टा त्यानं डोमाजीसमोर धरला. पट्ट्याच्या टोकाला वळवलेल्या कानाजवळ, जिथं रबराचा बुश बसतो तिथं, आडवी चीर होती. अर्ध्या जाडीपर्यंत. चिरेचा आतला भाग काळा पडलेला. "आजची नाही हे," पूनमसिंग म्हणाला, "पाच-सहा महिने झाले हिले. आवाज नाही आला तुमाले? खट्ट, असा?" आला होता. वैशाखापासून येत होता. प्रत्येक खड्ड्यात आपटल्यावर, त्या आपटण्याच्या मागोमाग एक खट्ट. आणि डोमाजीनं काय केलं होतं, तर मोबाइलवरच्या गाण्यांचा आवाज वाढवला होता. कापूस निघू दे, दिवाळी होऊ दे, मग पाहू. वैशाखातच सत्यशीलाची पाठ दुखायला लागली होती. वैशाखातच ती म्हणाली होती, हाडात काही तरी बोलते. तेही त्यानं दिवाळीवरच ढकललं होतं. गाडीचं हाड आणि बायकोचं हाड एकाच महिन्यात बोलायला लागलं आणि हा बहाद्दर गाणी ऐकत होता. डॉक्टर म्हणाला होता, रोग छातीतून हाडात गेलाय, गाडीनं काही होत नाही, प्रवासाचा आणि रोगाचा संबंध नाही. डोमाजीनं मुद्दाम विचारलं होतं. उत्तर ऐकून त्याला हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकं वाटण्याची त्याला आता शिसारी येत होती.

"आता वजन सांगा," पूनमसिंग म्हणाला. कमान वजनावर बांधतात, हे डोमाजीला माहीत होतं. मालक सांगेल त्या वजनावर पट्टे किती, त्यांना गोलाई किती, हे ठरतं, आणि मालक नेहमी दोन क्विंटल चोरून सांगतो, हे कारागिराला माहीत असतं. "किती नेनार? खरं सांगाल."

"छत्तीस."

"छत्तीस क्विंटल? मंग ट्रक घ्या ना बाप्पा, या म्हातारीचा जीव कायले घेता."

"किलो," डोमाजी म्हणाला. "छत्तीस किलो."

पूनमसिंग मोठ्यानं हसला. "भाऊ, छत्तीस किलोवर कोन कमान बांधते? माह्या घरचं बोकड बी जास्त भरते." भुरीबाई मात्र हसली नाही. ती हौद्याकडं पाहत होती. तिथं प्लास्टिकच्या कागदावर गादी होती, गादीवर जुन्या लुगड्याची चौघडी, लहानशी उशी आणि उशीवर विंचरलेल्या पांढऱ्या केसांचं एक गुंतवळ. तिनं घण खाली ठेवला. "गप राह्य," ती नवऱ्याला म्हणाली. दोन ट्रक गेले, पत्रे थरथरले. मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या काट्यावर सत्यशीला उभी राहिली तेव्हा काटा छत्तीसवर थांबला होता, आणि ती त्याच्याकडं वळून म्हणाली होती, लग्नात मी पंचेचाळीस होती, रेशनच्या काट्यावर मोजलतं. त्या दोन आकड्यांच्या मधे त्याचं सगळं घर होतं.

पूनमसिंग ओशाळला होता, पण कारागीर ओशाळला तरी बोलतो कामाचंच. तो खाली बसून पट्ट्यांवर खडूनं खुणा करत म्हणाला, "भाऊ, कमान वजन मांगते. वजन नसलं का आपटते. रिकामी गाडी सगळ्यात जास्त आपटते, हे समजलं नाही तुमाले एवढ्या वर्षांत? ट्रकचे दोन्ही काढून टाकतो. गाडीचा बी एक कमी करतो. मुख्य पट्टा नवा, बुश नवे, शॉकअप नवे, यांच्यातलं तेल कवाच मेलं. आन हौद्यात, मांगच्या चाकाच्या धुऱ्याच्या वरत, रेतीचे दोन कट्टे ठेवाचे, बांधून. मंग पेशंटचं वजन छत्तीस राहो का सोळा राहो. पन कापूस बंद. चार क्विंटलाच्या वर भरलं का बसलीच."

"बंद," डोमाजी म्हणाला. बारा वर्षांचं नाव एका शब्दात गेलं आणि काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही.

भट्टी पेटली. भुरीबाईनं चिमट्यानं पट्टा धरायचा, पूनमसिंगनं लहान हातोडीनं जागा दाखवायची, आणि मग पट्टा त्याच्या हाती देऊन तिनं घण घालायचा, असं ते काम चाले. हातोडी टिक म्हणायची, घण धड म्हणायचा, बांगड्या वाजायच्या. लाल पट्टा हळूहळू वाकत जायचा. डोमाजी खांबाला टेकून पाहत होता आणि त्याच्या डोक्यात बाया येत होत्या. पोडावरच्या कोलाम बाया. त्या तर हुंकारतही नसत. पोटावर दोन्ही हात, डोळे मिटलेले, तोंडात पदराचा बोळा. तो पुढून म्हणायचा, झालंच, आलंच आता डांबर. पंचवीस-तीस बाया तरी नेल्या असतील. दोघी हौद्यातच बाळंत झाल्या. एकीचं लेकरू निळं निघालं होतं. तेव्हा लोक म्हणाले, डोमाजीनं लय जोरात आनली पन नशीबच नोतं. जोरात. तोही चार लोकांत सांगायचा, अकरा किलोमीटर वीस मिनिटांत काढले. त्या बाईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. त्यानं कधी मागं पाहिलंच नव्हतं. त्याला आठवत होता फक्त रस्ता.

दुपार कलली तशी गाडी ठोकळ्यांवरून खाली आली. मागून जरा बसल्यासारखी दिसत होती, म्हाताऱ्या म्हशीसारखी. हौद्यात रेतीची दोन पोती भरली, बांधली. डोमाजीनं चावीला हात घातला तर पूनमसिंगनं त्याचा हात धरला. "तुमी मांगं. गादीवर झोपा."

"काहून? मी चालवून पाह्यतो ना."

"नाही. माह्या बापापासूनची रीत हाये. मालकाले मांगं झोपवल्याबिगर गाडी देत नाही मी. स्टेरिंगवर बसनाऱ्याले कमान कधीच समजत नाही, डोमाजीभाऊ. त्याले खड्डा दिसते."

तो चढला. त्या गादीवर आडवं होताना त्याला लाज वाटली, जणू दुसऱ्याच्या ताटात जेवायला बसलोय. उशीला बामाचा वास होता, आणि त्याखाली तिच्या डोक्याच्या तेलाचा. गाडी निघाली. ताडपत्रीला एक भोक होतं, त्यातून उजेडाचा एक ठिपका त्याच्या पोटावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पत्र्यावर फिरत होता. पूनमसिंगनं हायवे सोडला आणि जुन्या गिट्टीच्या खदानीकडचा रस्ता धरला, एवढं चाकांच्या आवाजावरून कळलं. इथून रस्ता दिसत नव्हता. पुढं काय येतंय, कधी येतंय, काही काही दिसत नव्हतं. त्याचं अंग ताठ झालं. दात एकमेकांवर दाबले गेले. हात आपसूक बाजूला गेला आणि हौद्याच्या लोखंडी अँगलला जाऊन चिकटला, आणि त्याच्या बोटांना कळलं की तिथला रंग गेलेला आहे. वीतभर जागा, गुळगुळीत, कुणाकुणाच्या मुठींनी घासून घासून आरशासारखी झालेली. बाकी सगळा अँगल गंजका आणि तेवढी वीतभर जागा चकचकीत. गाडी धुताना ती त्याला बारा वर्षांत एकदाही दिसली नव्हती. तो ती जागा धरून आदळ्याची वाट पाहत राहिला. गाडी एका बाजूनं खाली गेली, वर आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. झोपलेल्या माणसाचं पोट वर-खाली होतं तशी. पुढून पूनमसिंगनं ओरडून विचारलं, "गेला खड्डा. गुडघाभर होता. लागला का?"

डोमाजी अँगल धरून तसाच पडून राहिला. आदळली असती तर बरं झालं असतं. जुनी गाडी आहे, रस्ताच तसा आहे, कोण काय करणार, असं म्हणून तो उठून बसला असता. पण गाडी आदळली नाही. एवढं सोपं होतं ते. सकाळी नऊला आणली, दोनला झाली. पाच तास. बारा वर्षांत कुठल्याही एका शनिवारी हे पाच तास काढता आले असते. कुणी अडवलं नव्हतं. रस्ता खाणाऱ्यानं रस्ता खाल्ला होता, त्याला तो शिव्या देत आला होता, देत राहील. पण हे दोन पट्टे त्या माणसानं घातले नव्हते. उजेडाचा ठिपका छातीवर येऊन थांबला तेव्हा गाडी परत दुकानापाशी येऊन थांबली आहे हे त्याला कळलं. मागची फळी पडली. भुरीबाई उभी होती, बांगड्या कोपरावर सरकवलेल्या. तिनं त्याचा ओला चेहरा पाहिला. "दुखलं का भिया?"

"नाही ना," तो म्हणाला. "काहीच नाही दुखलं."

घरी पोचला तेव्हा सत्यशीला दाराशी खाटेवर होती आणि शेजारची कोकिळा तिला वरणाचं पाणी चमच्यानं पाजत होती. गाडीचा आवाज बदलला हे सत्यशीलाला लांबूनच कळलं असावं, कारण तो उतरायच्या आधीच ती कोकिळाला म्हणाली, काही तरी करून आनली याहीनं. कोकिळा वाटी घेऊन उठून गेली. तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. ट्रकचे पट्टे काढले म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग कापूस काहात नेसान आता? माह्या मांगून खासान काय?" खाटेच्या सुंभाकडं पाहत तो म्हणाला, "थ्या डाक्टरपुढं. तू पडली नोती."

"मले ठाऊक नाही का," ती म्हणाली.

"मंग काहून सांगतलं तसं?"

ती धापा टाकत होती. एवढ्या बोलण्यानंही आता दम लागायचा. "तुमच्या हातात चावी होती. खुळखुळ वाजत होती. म्हनलं, आता डाक्टर याहीले बोलंन, आन मंग याच हातानं गाडी चालवत घरी नेतीन मले. अजूक आपटंन." ती किंचित हसली. "माह्या मोरीवर तुमाले काय सुचलं पन. गुळगुळीत म्हने." त्याला वाटलं होतं तिनं त्याला वाचवलं. तिनं फक्त परतीचा रस्ता वाचवला होता. बारा वर्षं जशी हातावर अंग उचलून धरायची, तसंच तेही एक उचलून धरणं होतं. या माणसाकडून दुसरं काही मिळायचं नाही, हे धरून चालून केलेलं. तो रडला असता तर तिला त्याची समजूत घालावी लागली असती, म्हणून तो रडला नाही. सोमवारचं काय, एवढंच त्यानं विचारलं. ती म्हणाली, "नागपूर नाही आता. झालं थे. पन गाडीत बसतो मी एक डाव. पाहू द्या कशी केली तं."

सोमवारी सकाळी चौघांनी चादरीनं उचलून तिला गादीवर ठेवलं. कोकिळानं विचारलं, कुठवर जाता जी? डांबरापर्यंत, डोमाजी म्हणाला. सीटखाली त्यानं फाईल ठेवली होती, दोन लुगडी, गोळ्यांची पिशवी, पाण्याची बाटली. ते कुणाला दिसू नये म्हणून वर घोंगडं टाकलं होतं. एकदा बसली की नागपूरपर्यंत नेता येईल. दहा शेकांनी दुखणं कमी होतं, असं डॉक्टर म्हणाला होता. कमी होतं म्हणाला होता, बरं होतं म्हणाला नव्हता, पण डोमाजीनं त्यातलं हवं तेवढंच धरलं होतं. रपटा आला, गेला. त्यानं आरसा खाली वळवून घेतला होता, पहिल्यांदाच, रस्त्याऐवजी ती दिसेल असा. आधी तिचे डोळे ताडपत्रीवर होते. पाटीपाशी शेळ्या बाजूला होईपर्यंत तो थांबला, तेव्हा ते मिटलेले दिसले. डांबर लागलं तेव्हा तिचं तोंड थोडं उघडं होतं. तीन आठवड्यांत तिला तासभर सलग झोप लागली नव्हती, गोळीनंही नाही. आता ती झोपली होती, त्याच गाडीत. डांबर लागल्यावर वळवून घ्यायची असं ठरलं होतं. त्यानं वळवली नाही. पांढरकवड्याचा चौक येईपर्यंत तो चालवत राहिला.

चौकात डावीकडं नागपूर. त्यानं डावा इंडिकेटर दिला. टिक, टिक, टिक. मागून एका ट्रकनं हॉर्न मारला आणि तिनं डोळे उघडले. "कुठी आलो?"

"हायवेले."

"हायवेले?" तिनं इकडंतिकडं पाहिलं, पण तिथून दिसण्यासारखं काही नव्हतंच. "रपटा कवा गेला? मले लागलाच नाही." तिच्या आवाजात लहान पोरीचं नवल होतं. ट्रक पुन्हा वाजला. त्यानं आरशात पाहत विचारलं, "सत्यशीला, कोनीकडं घेऊ?"

तिला समजायला वेळ लागला. "मले इचारून राह्यले?"

"हो."

ट्रकवाला शिवी देऊन बाजूनं निघून गेला. "मंग घरी," ती म्हणाली. "आन रांगत नका नेऊ. आता लागत नाही." तिनं पुन्हा डोळे मिटले.

मागं झोपलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, हे डोमाजीला आता ठाऊक होतं. डावीकडं वळला असता तर तिला तास-दीड तास कळलं नसतं. कदाचित थेट दवाखान्याच्या फाटकात जाग आली असती, आणि मग तिथंही तिनं काहीतरी समजून घेतलं असतं, काहीतरी खोटं सांगून त्याला सांभाळलं असतं. इंडिकेटर वाजत होता. तो बंद करायला त्याला आयुष्यातली कुठलीच गाडी चालवताना लागली नव्हती एवढी ताकद लागली. मग त्यानं दाराच्या बाहेरच्या आरशात पाहिलं, मागून कुणी येत नाही याची खात्री केली, स्टेरिंग पुरतं उजवीकडं तोडलं आणि गाडी आल्या रस्त्याला लावली. हळूहळू चाळीसवर नेली. तिनं सांगितलं होतं तशी.